थ्रोचा हिशेब कोण ठेवतो?

२३ मार्च २०२१ रोजी पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर इंग्लंडविरुद्धचा एकदिवसीय सामना चालू होता. जॉनी बेअरस्टोचा फटका अडवायला श्रेयस अय्यरने सूर मारला, तो डाव्या खांद्यावर पडला आणि वेदनेने कळवळत मैदानाबाहेर गेला. पुढे शस्त्रक्रिया झाली, आयपीएलचा पूर्वार्ध हुकला. खेळाडूचा खांदा दुखावतो म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे असेच काहीतरी येते: एक क्षण, एक आघात, धावत येणारा फिजिओ. पण अय्यर चेंडू फेकतो उजव्या हाताने. ज्या खांद्याने खेळाडू फेकतो, तो सहसा असा सगळ्यांदेखत जात नाही. तो महिनोनमहिने थोडा थोडा जातो, तोही बहुतेक वेळा सरावात. ‘सर, थ्रो बसत नाहीये’ असे खेळाडू म्हणतो तोपर्यंत बरेच काही होऊन गेलेले असते. माझ्या मते ही दुखापत मुख्यतः हिशेबाची आहे. किती वेळा फेकले, किती जोराने फेकले, थकल्यावर किती फेकले आणि गेल्या आठवड्यापेक्षा किती जास्त फेकले, हे कुणीच लिहून ठेवत नाही, आणि खांदे जातात ते त्यामुळे. क्रिकेटसारख्या आकड्यांच्या खेळात ही गोष्ट जरा विचित्रच आहे. गोलंदाजाचा प्रत्येक चेंडू स्कोअरबुकात उतरतो, वाइड आणि नोबॉलसुद्धा. सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे आलेला थ्रो मात्र कुणाच्याच वहीत नसतो.

हिशेब का ठेवावा लागतो, हे खांद्याच्या घडणीतच आहे. शाळेच्या पुस्तकात खुबा आणि खांदा या दोघांनाही उखळीचा सांधा म्हणतात. खुब्याच्या बाबतीत ते पटते, कारण मांडीच्या हाडाचा गोळा तिथे खोल रुतलेला असतो. खांद्यात मात्र उखळीची बशी झालेली आहे. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि पाठीवरच्या खवाट्याची वाटी उथळ. कोणत्याही क्षणी गोळ्याचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग वाटीला टेकलेला असतो. म्हणून तर हात चहूबाजूंनी फिरतो. पण गोळा जागेवर धरून ठेवण्याचे काम हाडांऐवजी मऊ भागांवर येते: वाटीच्या कडेने असलेली लॅब्रम नावाची झालर, सांध्याचे आवरण, आणि ‘रोटेटर कफ’ या नावाने ओळखले जाणारे चार लहान स्नायू. आता फेकताना या व्यवस्थेवर काय गुदरते ते पाहा. बेसबॉलच्या पिचरवर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूवर, याचे सर्वाधिक मोजमाप झाले आहे. हात मागे नेताना त्याचा दंड स्वतःच्या अक्षाभोवती इतका पिळला जातो की कोपरापुढचा हात पाठीमागे जवळजवळ आडवा होतो. तिथून तो पुढे सुटतो तो सेकंदाला सुमारे सात हजार अंशांच्या वेगाने. हा वेग पूर्ण सेकंदभर टिकला असता तर दंडाच्या एकोणीस फेऱ्या झाल्या असत्या. चेंडू सुटल्यानंतरचा क्षण तर आणखी कठीण, कारण एवढ्या वेगाने निघालेला हात आता थांबवायचा असतो. अमेरिकेतील ग्लेन फ्लाइसिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार, त्या क्षणी हात सांध्यातून निसटू नये म्हणून खांद्याला लावावे लागणारे बल सुमारे १,०९० न्यूटन असते, म्हणजे शंभर किलोहून अधिक वजनाइतके. हा ब्रेक लावतात खांद्याच्या मागचे ते लहान स्नायू. प्रेक्षक चेंडूकडे पाहत असतात तेव्हा खरे काम तिथे चाललेले असते.

फेकीचा जोर खांद्यात निर्माण होतो असे मात्र नाही. फेक पायांपासून सुरू होते. जमिनीवर रेटलेला पाय, मग कंबर, मग धड, आणि अगदी शेवटी हात, अशी ती वर चढते. टेनिसच्या सर्व्हिसचा अभ्यास करणारे बेन किबलर यांच्या हिशेबाने निम्म्याहून अधिक ऊर्जा पाय आणि धड पुरवतात, आणि त्यांच्याकडून येणारी ऊर्जा २० टक्क्यांनी घटली तर तोच जोर टिकवण्यासाठी खांद्याला ३४ टक्के अधिक वेगाने फिरावे लागते. थकव्याचा खरा धोका या आकड्यात आहे. दिवसभर पळून पाय जड झाले की खेळाडूचा थ्रो लगेच हळू होत नाही. तो यष्टींपर्यंत पोहोचतच राहतो, फक्त पायांनी उचलायचा भार आता खांदा उचलत असतो. कॅप्टनला आणि प्रशिक्षकाला काहीच वेगळे दिसत नाही. खेळाडूला जाणवते ते इतकेच, की ‘हात भरून आलाय’. वेगवान गोलंदाजांची पाठ जाते हे आता सगळ्यांना माहीत झाले आहे, पण शेन वॉर्नच्या खांद्यावर १९९८ मध्ये आणि अनिल कुंबळेच्या खांद्यावर २००१ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली होती. दोघेही फिरकी गोलंदाज, दोघांनाही लांब रनअप नाही की तुफान वेग नाही. वर्षानुवर्षे टाकलेल्या हजारो चेंडूंचा भार मात्र होता.

थकवा आणि दुखापत यांचा संबंध किती घट्ट आहे, हे बेसबॉलमधल्या किशोर पिचरांवरील एका अभ्यासाने २००६ साली दाखवून दिले. खांद्याची किंवा कोपराची शस्त्रक्रिया करावी लागलेले पिचर एका बाजूला आणि धडधाकट पिचर दुसऱ्या बाजूला, अशी ती तुलना होती. हात थकलेला असतानाही नेहमी फेकत राहणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता ३६ पट निघाली. वर्षातून आठ महिन्यांपेक्षा जास्त स्पर्धात्मक खेळणाऱ्यांमध्ये ती ५ पट होती, आणि एका सामन्यात सरासरी ऐंशीहून अधिक चेंडू फेकणाऱ्यांमध्ये जवळजवळ ४ पट. अशा मागे वळून पाहणाऱ्या अभ्यासात ३६ हा आकडा अक्षरशः घेऊ नये. ज्याचे ऑपरेशन झाले त्याला आपला थकवा अधिक आठवणारच. पण नंतर ४८१ मुलांवर दहा वर्षे लक्ष ठेवून केलेल्या पाहणीतही हेच निघाले: वर्षात शंभराहून अधिक डाव पिचिंग करणाऱ्यांना गंभीर दुखापत होण्याचे प्रमाण इतरांच्या साडेतीन पट होते. मुलांच्या बेसबॉल स्पर्धा चालवणाऱ्या अमेरिकेतील लिटल लीगने २००७ पासून डावांऐवजी प्रत्यक्ष चेंडू मोजायला सुरुवात केली. तिथे नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ७५ आणि अकरा-बारा वर्षांच्या मुलाला ८५ चेंडूंची मर्यादा आहे, आणि जितके अधिक चेंडू तितके अधिक दिवस विश्रांती.

क्रिकेटपटू काही पिचर नव्हे, असे कुणी म्हणेल. पिचरचे कामच फेकण्याचे. क्षेत्ररक्षक सामन्यात फेकून फेकून किती थ्रो फेकणार? थोडेच, हे खरे. पण ते कसे फेकतो ते पाहावे. पिचर तासभर हात गरम करून, ठरलेल्या उंचवट्यावर, ठरलेल्या पावलांनी फेकतो. क्षेत्ररक्षक लाँगऑनला अर्धा-पाऊण तास हाताची घडी घालून उभा असतो आणि मग पळत जाऊन, वाकून, कधी एका गुडघ्यावर बसून, कधी हवेत असतानाच पूर्ण ताकदीने फेकतो. सीमारेषा आंतरराष्ट्रीय सामन्यात ५९ ते ८२ मीटरपर्यंत लांब असते आणि चेंडू बेसबॉलपेक्षा पंधरा-एक ग्रॅमने जड. शिवाय सामना हा हिमनगाचा वरचा भाग आहे. खरे थ्रो होतात सरावात. संध्याकाळी नेट्स संपल्यावर सर बॅटने चेंडू मारतात, मुले ओळीने उभी राहून उचलतात आणि ‘फ्लॅट, फ्लॅट’ असा गजर चालू असताना यष्टींवर फेकतात. त्याच्या आधी त्याच मुलांनी एकमेकांना थ्रोडाउन दिलेले असतात. मोठ्या संघांत थ्रोडाउनसाठी स्वतंत्र माणूस असतो आणि त्याच्या हातात चेंडू फेकण्यासाठी साइडआर्मचा दांडा असतो. शाळेच्या संघात हे काम ज्याची बॅटिंग झाली तो करतो. ऑस्ट्रेलियात २००७-०८ च्या मोसमात २८ अव्वल क्रिकेटपटूंचे थ्रो खरोखर मोजले गेले. त्यांपैकी सात जणांना फेकण्यामुळे दुखापत झाली, आणि आठवड्याला ७५ पेक्षा जास्त थ्रो करणाऱ्यांमध्ये दुखापतीचा धोका सुमारे पावणेदोन पट निघाला. अभ्यास लहान होता, तेव्हा ७५ हा काही ब्रह्मवाक्य मानायचा आकडा नव्हे. पण आपल्याकडच्या एखाद्या उत्साही शिबिरात ७५ थ्रो दोन संध्याकाळींत होऊन जातात. इंग्लिश काउंटी क्रिकेटच्या २००५ च्या मोसमातील पाहणीत २३ टक्के खेळाडूंना खांद्याची दुखापत असल्याचे दिसले होते. अशा खेळाडूंपैकी पुष्कळजण खेळत राहतात. ते स्लिपमध्ये उभे राहतात, तीस यार्डांच्या आत येतात, अंडरआर्म फेकतात, आणि दुखापत लपून जाते.

जुन्या पिढीचा यावर एक ठरलेला युक्तिवाद असतो: आम्ही लहानपणी दिवसभर आंब्यावर, चिंचेवर दगड मारले, विहिरीत पोहलो, गावभर विटीदांडू खेळलो, आमचे खांदे कसे गेले नाहीत? या युक्तिवादात जेवढे लोक समजतात त्यापेक्षा जास्त तथ्य आहे. लहान वयात फेकणाऱ्या मुलाच्या दंडाचे हाड वाढताना थोडे मागे वळलेले राहते. बेसबॉलपटूंच्या दोन्ही हातांच्या दंडांची तुलना केल्यावर फेकणाऱ्या हाताच्या हाडाला अधिक पीळ असल्याचे दिसून आले आहे. हाडच वळलेले असले की हात मागे नेताना मऊ भागांना तेवढे ताणावे लागत नाही. म्हणजे बालपणी फेकणे हे खांद्याच्या हिताचेच असते, आणि मुलांना फेकूच देऊ नये असे कुणी सुचवत असेल तर ते चूक आहे. पण आंब्यावर दगड मारणारा मुलगा हात दुखला की थांबत होता, आंबे संपले की मोसमही संपत होता. शिट्टी वाजवून ‘अजून वीस’ म्हणणारे कुणी तिथे नव्हते. आणि ज्यांचे खांदे खरेच गेले, ती माणसे ‘आमच्या वेळी’चे किस्से सांगायला पुढे येत नाहीत.

म्हणून हिशेब ठेवणे आणि कमी फेकणे या दोन गोष्टी एक नव्हेत. डेन्मार्कमध्ये ६७९ किशोरवयीन हँडबॉलपटूंचा ३१ आठवडे अभ्यास झाला. एकूण खेळण्यापेक्षा, आधीच्या काही आठवड्यांच्या सरासरीच्या तुलनेत त्यात झालेली एकदम वाढ तिथे महत्त्वाची ठरली. आठवड्याचा भार साठ टक्क्यांहून अधिक वाढला तर खांद्याच्या दुखापतीचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. ज्यांच्या खांद्याचे मागचे स्नायू कमजोर होते त्यांना त्याहून लहानशी वाढसुद्धा सोसली नाही. महाराष्ट्रातल्या मैदानी वर्षाकडे या नजरेने पाहिले तर धोका कुठे आहे ते लगेच दिसते. पावसाळ्यात बहुतेक ठिकाणी मैदाने बंद. मुंबईची कांगा लीग हा अपवाद. ऑक्टोबर उजाडला की शालेय स्पर्धा, निवड चाचण्या आणि शिबिरे एकदमच सुरू होतात. चार महिने चेंडू न फेकलेला मुलगा पहिल्याच आठवड्यात निवड समितीसमोर सीमारेषेवरून ताकद दाखवू लागतो. इथे साठ टक्के वाढीचा प्रश्नच उरत नाही, कारण वाढ शून्यावरून असते.

प्रशिक्षकांचा आक्षेप वेगळा असतो. ते म्हणतात, प्रश्न संख्येचा नाही, तंत्राचा आहे. कोपर खाली पडते, छाती लवकर उघडते, म्हणून खांदा दुखतो. तंत्र महत्त्वाचे आहेच. पण ज्या मुलाचे कोपर चाळिसाव्या थ्रोला खाली पडते त्याचे पाचव्या थ्रोला पडत नव्हते, हेही त्याच प्रशिक्षकांनी पाहिलेले असते. तंत्र बिघडणे हे बऱ्याचदा थकव्याचे लक्षण असते, आणि चाळिसावा थ्रो कोणता हे मोजल्याशिवाय कळणार कसे? स्नायू बळकट करण्याचा मार्ग मात्र मोजण्याला पूरक आहे आणि त्याचा पुरावाही भक्कम आहे. नॉर्वेत ४५ अव्वल हँडबॉल संघांतील ६६० खेळाडूंवर केलेल्या प्रयोगात, आठवड्यातून तीनदा दहा-दहा मिनिटांचे खांदा, खवाटा आणि पाठीचे व्यायाम सरावापूर्वी करणाऱ्या संघांत खांद्याच्या तक्रारींची शक्यता २८ टक्क्यांनी कमी झाली. रबरी पट्टा आणि एक चेंडू, एवढ्या साधनांत असे व्यायाम होतात. आपल्या बहुतेक अकादम्यांत त्यासाठी वेळ नसतो, कॅचिंगसाठी असतो.

सगळ्यात अवघड आक्षेप अमेरिकेतूनच येतो. तिथे चेंडू मोजले जातात, तरी पिचरांच्या दुखापती वाढतच गेल्या. मग मोजून काय मिळाले? मेजर लीग बेसबॉलने डिसेंबर २०२४ मध्ये यावर सविस्तर अहवाल काढला, आणि त्याचा रोख होता वेगाच्या हव्यासाकडे: प्रत्येक चेंडू जास्तीत जास्त जोराने टाकण्याची सवय आणि सुटीच्या काळातही तसाच चाललेला सराव. म्हणजे चेंडू मोजणे आवश्यक आहे, पुरेसे नाही. शंभर सैल फेकी आणि शंभर जिवाच्या आकांताने केलेल्या फेकी वहीत सारख्याच दिसतात, खांद्याला नाही. वेग वाढवण्यासाठी जड चेंडू फेकायला लावलेल्या शालेय पिचरांच्या एका छोट्या प्रयोगात सहा आठवड्यांत वेग थोडा वाढला खरा, पण त्या गटातील सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांना दुखापत झाली, तर तुलनेच्या गटात प्रशिक्षणाच्या काळात एकही नाही. भालाफेकीत तर प्रत्येक फेक जास्तीत जास्त जोराचीच, आणि भाल्याचे वजन पुरुषांसाठी ८०० ग्रॅम. नीरज चोप्राच्या उजव्या कोपरावर मे २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली ती याच साखळीतल्या पुढच्या कडीवर. टोकियोचे सुवर्ण त्यानंतरचे. क्रिकेटमध्ये टी-ट्वेंटी आल्यापासून एका धावेला भाव आला आणि ‘डायरेक्ट हिट’ची चढाओढ सरावातही शिरली. मोजायचे असेल तर पूर्ण जोराचे थ्रो वेगळे मोजावे लागतील.

‘दुखले तर एमआरआय काढू, लागलेच तर ऑपरेशन करू’ असे मानणाऱ्यांसाठी दोन-तीन आकडे पुरेत. काहीही दुखत नसलेल्या व्यावसायिक पिचरांच्या खांद्यांचे एमआरआय २००२ साली काढले तेव्हा ७९ टक्के खांद्यांत लॅब्रम ‘बिघडलेली’ दिसली. दुसऱ्या एका पाहणीत हात डोक्यावरून फिरवून खेळणाऱ्या, कोणतीही तक्रार नसलेल्या वीस खेळाडूंपैकी आठ जणांच्या खेळत्या खांद्यात रोटेटर कफ फाटलेला आढळला, आणि पाच वर्षांनंतरही त्यांना त्याचा त्रास झालेला नव्हता. फेकणाऱ्याचा खांदा बदलतो. त्यातला कोणता बदल त्याला खेळू देतो आणि कोणता दुखतो, हे चित्रावरून नेहमी सांगता येत नाही. लॅब्रमच्या दुखापतीवर शस्त्रक्रिया झालेल्या व्यावसायिक पिचरांपैकी २०१४ च्या एका अभ्यासात सुमारे निम्मे मैदानावर परतले, पण पूर्वीच्या दर्जाने खेळू शकले ते अवघे ७ टक्के. शस्त्रक्रिया न करता व्यायामावर भर दिलेल्या पिचरांमध्ये हेच प्रमाण २२ टक्के होते. दोन्ही गटांतील दुखापती सारख्याच तीव्रतेच्या असतील असे नाही, तरी ऑपरेशन म्हणजे नवा खांदा, ही समजूत सोडून द्यायला एवढे पुरे आहे.

वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलांना दिवसात किती षटके द्यावीत, यावर इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात वयानुसार मर्यादा आहेत, आणि त्या मुख्यतः पाठीच्या मणक्यासाठी आखलेल्या आहेत. थ्रोसाठी असे काही रूढ नाही. ते सुरू करायला कुठल्या बोर्डाच्या परिपत्रकाची वाट पाहायचे कारण नाही. संघातल्या एका मुलाकडे वही द्यावी, पूर्ण जोराच्या थ्रोची रेघ ओढायला सांगावे आणि शनिवारी बेरीज करावी. पावसाळ्यानंतरचे पहिले तीन-चार आठवडे ती बेरीज हळूहळू वाढू द्यावी. क्षेत्ररक्षणाचा सराव पाय थकण्याआधी घ्यावा, नेट्सनंतर नव्हे. आणि अकरा ते सोळा वयाचा मुलगा किंवा मुलगी फेकताना दंडाच्या वरच्या टोकाशी दुखते म्हणत असेल, तर त्या दिवशीचे थ्रो तिथेच थांबवावेत आणि दुखणे राहिले तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. दंडाच्या हाडाची जवळजवळ ऐंशी टक्के वाढ खांद्याजवळच्या कूर्चेच्या पट्टीतून होते, आणि या वयात अति फेकण्याने आधी तीच सैल पडते. साधारण तीन महिने फेकणे पूर्ण बंद ठेवले तर बहुतेक मुलांमध्ये ती शस्त्रक्रियेवाचून भरून येते.